पस्तीस इंची चाकं

पिकअप गाडीला मोठी चाकं लावावीत की नाही, या विषयावर मी आता अधिकाराने बोलू शकतो. पण मला कोणी विचारत नाही. एल्क बेंड गावात सध्या मी रस्त्यात भेटलो की लोक फक्त "सासूबाई कशा आहेत?" एवढंच विचारतात, आणि विचारताना तोंडावर हात धरतात. सव्वीस वर्षं मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवतोय. गावातल्या निम्म्या माणसांना मी पायथागोरस शिकवलाय. पण माझी ओळख काय, तर आर्डिसचा जावई.

सुरुवात शाळेच्या पार्किंगमध्ये झाली. आमच्या वायोमिंगमध्ये पिकअप सगळ्यांकडेच असते, तिचं कौतुक नाही. माझीही होती. नऊ वर्षं वापरलेली, एकदाही रस्त्यात न थांबलेली, करड्या रंगाची शहाणी गाडी. दोष एकच, चाकं एकतीस इंची. शाळेतली अकरावीची पोरं ज्या गाड्या घेऊन येतात, त्यांची चाकं माझ्या कमरेला लागतात. त्या गाड्यांच्या रांगेत माझी गाडी उभी राहिली की मोठ्या माणसांच्या पंगतीत पाट न मिळालेल्या पोरासारखी दिसायची. तरीही मी सहन केलं असतं. पण एका शुक्रवारी फुटबॉलचे कोच बक लिंडक्विस्ट माझ्या गाडीपाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि म्हणाले, "वेंडेल, चारही चाकांतली हवा गेलीय का रे?"

"नाही."

"म्हणजे ही उभी आहे?"

आजूबाजूला नववीचा अख्खा वर्ग होता. मी घरी आलो आणि जेवताना बायकोला सांगितलं, "मी गाडीला पस्तीस इंची चाकं लावतोय."

लॉरीनने बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "वेंडेल, तुला चाकं मोठी हवीत की वय लहान हवंय? तेवढं एकदा ठरव, म्हणजे त्याप्रमाणे दुकानात जाता येईल."

चोपन्नाव्या वर्षी माणसाला घरातून पाठिंबा मिळत नाही, हे मी गृहीतच धरलं होतं. मी विषयातल्या जाणकाराकडे गेलो. म्हणजे जाणकारच कुंपणापाशी उभा होता, मला जावं लागलं नाही. आमचा शेजारी ऑर्व्हल ट्वाइट चौतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर काम करून निवृत्त झालाय. आता तो दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळत आमच्या कुंपणाला टेकून उभा असतो आणि गावात कोणाच्या गाडीचं काय वाजतंय ते ऐकतो.

"मास्तर," तो म्हणाला, "चाकं मोठी करतोयस तर कर. पण मग ॲक्सलमधले गिअरही बदलावे लागतील."

"का बरं?"

"तुझ्या गाडीत गिअर आहे तीन पंचावन्नचा. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा साडेतीन वेळा फिरतो, तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. आता चाक मोठं केलंस की त्या एकाच फेऱ्यात गाडी जास्त लांब जायला बघणार. ऐकायला बरं वाटतं, पण ते ओझं ओढायचं कोणी? इंजिनानेच ना? सायकलचा सगळ्यात जड गिअर टाकून चढ चढून बघ एकदा, फेस येईल तोंडाला. म्हणून चार दहाचा गिअर बसव. पुढच्या ॲक्सलला नि मागच्यालाही. एकालाच बसवलास आणि चारही चाकं जोडलीस, तर पुढचं मागच्याशी भांडेल आणि मधलं काहीतरी फुटेल."

"ऑर्व्हल," मी शांतपणे म्हणालो, "मी सव्वीस वर्षं गुणोत्तर आणि प्रमाण शिकवतोय."

"शिकवलंयस रे," बीचं टरफल थुंकून तो म्हणाला, "पण ओढलंयस का कधी?"

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी घरात जाऊन कागदावर पस्तीसला एकतीसने भागलं. फरक आला तेरा टक्क्यांचा. तेरा टक्के! तेरा टक्के कमी पडले तर आम्ही पोराला वरच्या वर्गात ढकलतो. गाडीला का ढकलू नये?

टायरच्या दुकानाचा मालक रस्टी, त्यानेही तेच सांगितलं. गाडी चार इंच उचलावी लागेल, नाहीतर चाकं वळणार नाहीत, आणि गिअर मात्र दोन्हीकडचे बदला. फक्त गिअरच्या कामाला त्याच्याकडे महिनाभर जागा नव्हती. चाकं लगेच मिळत होती. आता माझी अडचण समजून घ्या. सोमवारी शाळा होती. मी म्हणालो, "चाकं आज लाव. गिअरचं पुढच्या महिन्यात बघू." रस्टीने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. माझे जुने विद्यार्थी असंच करतात. त्यांना उत्तर माहीत असतं, पण मास्तरांना कसं सांगायचं ते कळत नाही.

गाडी तयार होऊन आली तेव्हा माझं मलाच भरून आलं. मी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मग आत चढलो (चढणं हाच शब्द बरोबर आहे, पूर्वी मी नुसता बसायचो) आणि रुबाबात घरी येऊन गाडी गॅरेजमध्ये घातली. म्हणजे गॅरेजमध्ये गाडी गेली आणि गाडीबरोबर दारावरची लाकडी पट्टीही आत गेली, कारण ती आता टपावर होती.

ऑर्व्हल कुंपणापाशीच होता. "मास्तर, उंची मोजली नव्हतीस?"

तेव्हापासून गाडी बाहेर पाइनच्या झाडाखाली उभी असते. त्या झाडावर कावळ्यांचं एक मोठं आणि प्रकृतीने उत्तम कुटुंब राहतं.

पुढची अडचण अशी निघाली, की गाडी उजवीकडे व्यवस्थित वळायची, पण डावीकडे पूर्ण वळवली की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासून गेंडा शिंकल्यासारखा आवाज यायचा. मी काही दिवस फक्त उजवीकडे वळून बघितलं. तीनदा उजवीकडे वळलं की डावीकडे वळल्यासारखंच होतं, हे भूमितीने सिद्ध करता येतं. पण किराणा आणायला पाऊण तास लागतोय म्हटल्यावर लॉरीनने चौकशी केली. शेवटी एका दुपारी मी गाडीखाली उताणा पडून ते जादाचं प्लास्टिक स्वतः कापून काढलं. काम फक्कड झालं. संध्याकाळी आतून लॉरीनचा आवाज आला, "पावाची सुरी कुठाय?" त्यानंतरच्या संभाषणाचा या कथेशी संबंध नाही.

आणि ज्या सोमवारसाठी हे सगळं केलं, त्या सोमवारी काय झालं? बक लिंडक्विस्ट गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेले होते. मी गाडी त्यांच्या नेहमीच्या जागेसमोर उभी केली आणि उगीचच दार दोनदा उघडून बंद केलं. दहावीतली एक मुलगी थांबली. गाडीकडे तिने कौतुकाने पाहिलं. "सर, मस्त गाडी आहे. तुमच्या मुलाची का?"

मला मुलगा नाही. मी "हो" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात शेल्बीने मला अडवलं. शेल्बी म्हणजे आमच्या काउंटीची पोलिस. मी तिला बीजगणितात एकदा नापास केलं होतं. दोनदा, नीट आठवलं तर. हमरस्त्यावर पासष्टची मर्यादा आहे आणि माझा काटा चौसष्टवर होता, कारण मी आयुष्यात कधी मर्यादा ओलांडलेली नाही. तरी मागून निळे-लाल दिवे लागले. मी बाजूला थांबलो. शेल्बी आली, पण खिडकी तिच्या डोक्याच्या वर गेली होती. तिने टोपी मागे सरकवून वर पाहिलं.

"सर? तुम्ही आहात होय! मला वाटलं, कोणीतरी उनाड पोरगा असेल."

"शेल्बी, मी चौसष्टने चाललो होतो."

"नाही सर, बहात्तरने."

"काटा बघ ना!"

तिने काटा बघितला नाही. चाकं बघितली. मग माझ्या दारापाशी येऊन अतिशय समजूतदार आवाजात, ज्या आवाजात मी तिला दोन वर्षं शिकवलं होतं त्याच आवाजात, ती म्हणाली, "सर, काटा वेग मोजत नाही. चाकाचे फेरे मोजतो. तो बिचारा अजून जुनं चाक धरून बसलाय. चाक एकतीसचं पस्तीस झालं, म्हणजे चौसष्ट गुणिले पस्तीस, भागिले एकतीस. बहात्तर आणि वर थोडं. हे प्रमाणाचं गणित आहे सर. तुम्हीच शिकवलं होतं."

"तेव्हा तुला येत नव्हतं," मी म्हणालो.

"तेव्हा रडार नव्हतं माझ्याकडे."

तिने दंडाची पावती फाडली. वर म्हणाली, काटा दुरुस्त केल्याचा दाखला काउंटीच्या ऑफिसात दिलात तर दंड माफ होईल. मी ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात 'नांगराची रुंदी' असा रकाना होता. मी म्हणालो, हा ट्रॅक्टरचा फॉर्म दिसतोय. त्या म्हणाल्या, मोठ्या चाकांचा आमच्याकडे हाच आहे, नांगर नसेल तर 'नाही' लिहा. मी लिहिलं. फॉर्मवर सही दुकानदाराची हवी होती. रस्टी म्हणाला, काटा आत्ता दुरुस्त केला तर गिअर बदलल्यावर सगळं पुन्हा तपासावं लागेल, तेव्हा एकदाच काय ते करू. फॉर्म घेऊन मी परत खिडकीवर. बाई म्हणाल्या, तोपर्यंत हळू चालवा. तेव्हापासून मी गाडी चालवताना काट्यावरच्या प्रत्येक आकड्याला मनात एक पूर्णांक तेरा शतांशने गुणत असतो. एकदा शाळेच्या फाटकापाशी गुणाकार चुकला आणि ब्रेक दाबायला उशीर झाला, तेव्हा कळलं की मोठी चाकं चालू व्हायला जड, तशी थांबायलाही जड असतात. फाटक शाळेचं होतं. ते आता थोडं वेगळ्या कोनात आहे.

इथवरचं सगळं मी पचवलं असतं. पण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आर्डिसला आणायचं होतं.

आर्डिस म्हणजे लॉरीनची आई. वय एकोणऐंशी. सॅडलबॅक घाटाच्या पलीकडे त्यांचं रँच होतं. एमेट, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आर्डिसनी एकटीने दोन हिवाळे काढले आणि या उन्हाळ्यात कोणाला न विचारता रँच विकून टाकलं. सामान आधीच आमच्याकडे येऊन पडलं होतं. राहिली होती एक लोखंडी शेगडी, जी त्या कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हत्या, आणि बिस्किट नावाची चोवीस वर्षांची घोडी. घोडी ट्रेलरमधून घाट ओलांडून आणायची, गावाबाहेरच्या कुरणात ठेवायची, आणि आर्डिसनी आमच्या मागच्या खोलीत राहायचं, असं ठरलं होतं. लॉरीन घरी खोली लावणार होती. आणायचं काम माझं.

रस्टीकडे गिअरची तारीख होती त्यानंतरच्या मंगळवारची.

शुक्रवारी ऑर्व्हल कुंपणावरून म्हणाला, "मास्तर, उद्या माझी गाडी घेऊन जा. घाटात घोडी ओढायचीय."

ऑर्व्हलची गाडी सत्तावीस वर्षांची आहे. अर्धी हिरवी, अर्धी पांढरी, आणि एका दाराला दोरी. मी हसून म्हणालो, "नको रे. माझ्याकडे आता दणकट गाडी आहे."

ऑर्व्हलने बिया चघळणं थांबवलं. "दिसायला आहे," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी मी रँचवर पोचलो. आर्डिस पायरीवर हात जोडून नाही, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. घराकडे पाठ होती त्यांची. त्यांनी गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"यात चढायचं कुठून?"

मी बरोबर आणलेलं स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं. त्यांचे गुडघे दुखतात. एका हाताने माझं डोकं आणि दुसऱ्या हाताने दार धरून त्या चढल्या. मग मी शेगडी चढवली, बिस्किटला ट्रेलरमध्ये घातलं, खोगीर तिच्या बाजूला टांगलं आणि निघालो. आर्डिस गप्प होत्या. आरशात घर लहान होत गेलं, तरी त्यांनी आरशात पाहिलं नाही. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा हवेबद्दल, दुसऱ्यांदा चाकांबद्दल. दोन्ही वेळा त्या "हं" म्हणाल्या. पण चाकांच्या वेळचं "हं" जास्त वाईट होतं.

घाट सात मैलांचा. पहिला मैल गाडी चढली. दुसऱ्या मैलाला आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सचं काही ठरेना. चौथा टाकायचा, ओढ लागायची नाही. तिसरा टाकायचा, इंजिन किंचाळायचं. त्या किंचाळण्याने घाबरून पुन्हा चौथा. हॉटेलात मेनू हातात दिल्यावर माझं होतं ना, अगदी तसंच. वेग उतरत उतरत वीसवर आला. मी सवयीने एक पूर्णांक तेरा शतांशने गुणलं, म्हणजे साधारण साडेबावीस. दुसरा काही दिलासा नव्हता. मागे लाकडाचे ओंडके भरलेला एक ट्रक आला. त्याच्यामागे सुट्टीवर निघालेल्या तीन घरगाड्या. मग पिवळ्या कपड्यांतला एक सायकलवाला आमच्या शेजारी आला, क्षणभर बरोबरीने चालला, आणि पुढे जाताना वळून म्हणाला, "चाकं झकास आहेत हं!"

"तो सायकलवर होता का?" आर्डिसनी विचारलं. घर सोडल्यापासूनचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

"हो."

"हं."

तिसऱ्या मैलावर तांबडा दिवा लागला. गिअरबॉक्स तापला होता. मी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबलो. वीस मिनिटांनी दिवा विझला. पुढे निघालो, मैलभरात पुन्हा लागला. पुन्हा थांबलो. आता जळक्या तेलाचा वासही यायला लागला होता. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा माथा दोन मैलांवर होता आणि फोनला रेंज नव्हती. ओंडक्यांचा आणखी एक ट्रक जाताना इतका लांब हॉर्न वाजवून गेला, की डोंगराने तो मला परत ऐकवला.

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आर्डिस, माझं चुकलं. मी ऑर्व्हलची गाडी आणायला हवी होती."

त्या दार उघडून उतरल्या. स्टुलाशिवाय, रागाच्या बळावर. "तुझ्या गाडीला जास्त झालंय काय, तर हजार पौंडांची घोडी. ती कमी करू या. खोगीर काढ."

"कशाला?"

"घालायला."

"आर्डिस, तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे चालायला दुखतात. बसायला काय झालंय?"

मी बिस्किटला बाहेर काढलं. खोगीर घातलं. मग आर्डिसनी ते उतरवायला लावलं, कारण मी ते उलटं घातलं होतं. पुन्हा घातलं, पोटाखालचा तंग आवळला, आणखी आवळ म्हणाल्या, आवळला. आता चढायचं कुठून? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या पुढच्या टायरवर थांबली. घोडी त्याला लावून उभी करायला सांगितली. माझ्या खांद्यावर भार देऊन त्या आधी स्टुलावर गेल्या, तिथून पस्तीस इंची टायरच्या डोक्यावर, आणि तिथून पाय टाकून अलगद खोगिरात बसल्या. बसता बसता त्यांनी टायरवर बूट दोनदा आपटला.

"कामाचं आहे रे हे," त्या म्हणाल्या.

एवढ्या दिवसांत माझ्या चाकांची ही पहिली स्तुती. सायकलवाल्याची मी धरत नाही.

लगाम हातात आला आणि बाईचा चेहराच बदलला. पाठ ताठ झाली. रिकिबीत पाय गेले, जीभ टाळ्याला लावून त्यांनी एक आवाज केला, आणि चोवीस वर्षांची ती म्हातारी घोडी कान टवकारून निघाली. रस्त्याच्या कडेकडेने, माझ्याकडे न बघता. मी धावत जाऊन गाडी चालू केली. दिवा विझला होता. पहिल्या गिअरमध्ये, रिकामा ट्रेलर ओढत, मी माझ्या सासूच्या मागून घाट चढू लागलो. पहिल्या वळणावर जेमतेम त्यांना गाठलं, तर पुन्हा दिवा. मी थांबलो, त्या पुढे. पुन्हा निघालो.

तेवढ्यात निळे-लाल दिवे आले. आम्हाला ओलांडून गेलेल्या कोणा ट्रकवाल्याने माथ्यावर जाऊन पोलिसांना कळवलं होतं, की घाटात एक म्हातारी घोड्यावर चाललीय आणि एक मोठ्या चाकांची गाडी तिचा पाठलाग करतेय.

शेल्बी गाडीतून उतरली. आधी आर्डिसशी बोलली. मग माझ्याकडे आली आणि वर पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "या वेळी तुम्ही मर्यादेच्या फारच आत आहात."

"शेल्बी, त्यांना सांग खाली उतरायला. पडतील."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मी शाळेत जायला लागण्याच्या आधीपासून त्या घोड्यावर बसतायत." "तुम्ही माझ्या आजीला ओळखता ना सर? तिला आम्ही गावात आणलं, तेव्हा ती वर्षभर खिडकीपाशी बसून होती. ह्यांना येऊ दे असंच. मी पुढे चालते. तुम्ही मागे राहा."

अशी आमची वरात निघाली. सगळ्यात पुढे पोलिसांची गाडी, दिवे लुकलुकत. मग घोड्यावर आर्डिस. मग मी, शेगडी आणि रिकामा ट्रेलर घेऊन. आणि माझ्यामागे एव्हाना जमलेल्या अकरा गाड्या. वेग ताशी चार मैल. मी हा आकडा कशानेही गुणला नाही. समोरून येणारी माणसं थांबून खिडक्या खाली करत होती, फोटो घेत होती, टाळ्या वाजवत होती. टाळ्या घोडीसाठी आणि आर्डिससाठी होत्या. माझी गाडी आली की हसू. एका गाडीतून कोणीतरी ओरडलं, "आजी, तुमचं सामान मागे पडतंय!"

आर्डिसनी मागे वळून पाहिलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. तोंड उघडून, दात दाखवून. लॉरीन हसते तशा.

माथ्यावर मी गाडी थांबवून खाली उतरलो. माझी मान वर होत नव्हती. आर्डिस घोडीवरच बसून होत्या, तोंड मागच्या दरीकडे करून. खाली खोऱ्यात त्यांचं लाल छपराचं घर पावाच्या तुकड्याएवढं दिसत होतं. सत्तावन्न वर्षं त्या तिथे राहिल्या होत्या. बिस्किटच्या अंगातून वाफ निघत होती.

"वेंडेल," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी सकाळपासून विचार करत होते, की माथ्यावर जरा गाडी थांबव असं तुला कसं म्हणायचं. तू म्हणशील काय झालं, लॉरीन म्हणेल रडलीस का. म्हणून घराकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं."

मी बिस्किटच्या मानेवर थोपटलं.

"एमेट असता तर त्याने गाडी दणदणीत चालवून वीस मिनिटांत पलीकडे नेली असती," त्या म्हणाल्या, "आणि मी पलीकडे जाऊन रडले असते."

मग डोळे पुसून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आता उतार. उतारावर चालते का ही?"

"उतारावर उत्तम चालते."

"आणि थांबते का?"

मी खरं बोलणारा माणूस आहे. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. तेवढ्यात आर्डिस शेल्बीच्या आधाराने उतरून तिच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. बिस्किटला ट्रेलरमध्ये घेऊन मी पहिल्या गिअरमध्ये घाट उतरलो. गावात पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती, की वेंडेलच्या सासूला पोलिसांच्या गाडीतून आणलं. लॉरीन अंगणात उभी होती. तिने आईला मिठी मारली, मग माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि आत जाऊन कॉफी ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी रस्टीने दोन्ही ॲक्सलना चार दहाचे गिअर बसवले. काटा दुरुस्त केला, फॉर्मवर सही केली. खिडकीतल्या बाईंनी 'नांगर: नाही' यावर शिक्का मारून दंड माफ केला. आणि गाडी! गाडी बदलूनच गेली. पाय ठेवला की ओढ घ्यायची, चढावर गिअर एकदा पडला की ठाम. ऑर्व्हलला शेजारी बसवून मी गावाला एक फेरी मारली. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि "हां, आता ओढतेय" एवढंच म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुझं बरोबर होतं. त्याने बियांची पिशवी माझ्यापुढे धरली.

पुढच्या रविवारी आर्डिस म्हणाल्या, "वेंडेल, मला आणि बिस्किटला माथ्यापर्यंत घेऊन चल." मला हर्ष झाला. घोडी ट्रेलरमध्ये घातली आणि गाडी काढली. काय सांगू! पायथा ते माथा, एका दमात, दिवा नाही, किंचाळणं नाही. मी छाती पुढे काढून गाडी थांबवली.

"आलो?" आर्डिस म्हणाल्या.

"आलो. अकरा मिनिटं!"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पडला होता. "मला काही दिसलंच नाही."

"परत जाऊ या का खाली?"

"जाऊ या. आणि या वेळी त्या दिवशीसारखी चालव."

"आर्डिस, त्या दिवशी गाडी बिघडली होती."

"माहितीय मला. तशीच चालव."

तेव्हापासून बर्फ पडेपर्यंत दर रविवारी आम्ही सॅडलबॅक घाट चढलो. वीसच्या वर मी काटा जाऊ देत नाही. पायाखाली गाडी नुसती उसळत असते, तिला पुढे जायचं असतं, आणि मी तिला धरून ठेवतो. मागे ओंडक्यांचे ट्रक आणि घरगाड्या साठतात, हॉर्न वाजतात. आर्डिस काच खाली करून कोपर बाहेर टाकतात आणि हाताने सगळ्यांना पुढे जायला सांगतात. लोक जाताना माझ्या चाकांकडे बघतात, मग माझ्याकडे. त्यांना काय वाटतं ते मला माहीत आहे. मी मान खाली घालतो आणि आर्डिसना विचारतो, "अजून हळू?"

"जरासं," त्या म्हणतात.